भाकर फाटते काहून

नंदनवन कॉलनीत आमच्या शेजारी एक काका राहतात. काकू गेल्यापासून ते चहात टोस्ट बुडवून दोन्ही वेळचं भागवत. मी डबा नेला, की म्हणत, "मले भूकच नाही वं." सदरा अंगावर लोंबू लागला. जिना चढताना ते कठडा धरून थांबत, तेव्हा मला धास्ती वाटे.

परवा सकाळी ते पिठानं माखलेले हात घेऊन दारात उभे राहिले. "ज्वारीची भाकर थापून राहिलो, पण फाटते. काहून वं?"

"पीठ गरम पाण्यात भिजवा, काका."

थोड्या वेळानं मी त्यांच्या खिडकीतून डोकावले. पालकाच्या भाजीसोबत एक जाड, वाकडी भाकर संपवून काका दुसरी थापायला उठले होते. माझा जीव भांड्यात पडला. मी दार न वाजवताच परत फिरले.