दारूच्या पेल्यातला राखणदार

नवरा बोटीवर. बाकीच्यांचे नवरे सफरीहून येताना साड्या, अत्तरं, टेपरेकॉर्डर आणायचे; आमचे हे चिनी मातीची तोंडं आणायचे. बटाट्याएवढे डोळे, विचकलेले दात, कपाळभर आठ्या. पॅसिफिक बेटांवरच्या जुन्या देवांच्या चेहऱ्यांचे हे पेले, त्यांना टिकी म्हणतात आणि तिकडच्या बारमध्ये त्यांतून दारू देतात, एवढं त्यांनी मला सांगितलं होतं. आईला यातलं काही बोलू नकोस, असंही.

कांदिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत शोकेस एकच. त्यातला लग्नातला टी-सेट मी माळ्यावर टाकला आणि टिकी मांडल्या. उंच मागे, बुटक्या पुढे, सगळ्यांची तोंडं दाराकडे. शेजारीण म्हणायची, "काय गं, भुतं कशाला मांडलीस? पोरं घाबरतात ना!" मी म्हणायची, "तुझ्याकडे नवऱ्याचा फोटो लावलाय, त्याला घाबरत नाहीत ती?"

सासूबाई मालवणकडच्या; सासरे गिरणीत लागले तेव्हा मुंबईत आलेल्या. सगळ्यात उंच टिकीपुढे त्या रोज सकाळी हात जोडून गाऱ्हाणं घालायच्या. "देवा म्हाराजा, माझो झिल दर्यात आसा, तेच्या वाटेर काय अडचण आसात ती दूर कर, म्हाराजा!" गाऱ्हाण्याला दुसऱ्या कुणीतरी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. तो झिल, म्हणजे आमचे हे, घरी असले की हसत हसत म्हणायचे. मी पार्ल्यात वाढलेली, मला ते तोंडाला यायचं नाही. मी दुधाकडे बघत उभी राहायची, मग त्या स्वतःच म्हणून घ्यायच्या.

एका दुपारी शेजारणीने आमच्या सामाईक भिंतीत कॅलेंडरसाठी खिळा ठोकला. शोकेसची वरची फळी निसटली. बाकीच्या टिकी खालच्या गादीवर पडून वाचल्या. उंच तेवढी थेट लादीवर. शेजारीण हातोडी घेऊनच धावत आली. "अगं, वाट लागली! मला काय माहीत?"

त्या खेपेला ह्यांचं पत्र बरेच दिवस आलं नव्हतं. सासूबाईंनी पुढ्यातलं ताट सारलं. "फुटलेलो देव घरात ठेवूचो नाय. खाडयेत सोड. आता माझ्या झिलाक कोण बघतलो?"

भीती मलाही वाटत होती, आणि भीती वाटली की मला राग येतो. ह्यांनी आणलेली वस्तू, हे तिकडे दर्यात असताना, मी खाडीत टाकणार नव्हते म्हणजे नव्हते. "आई, देव नाही तो," मी ओरडलेच. "दारूचा पेला आहे!"

मला वाटलं, आता सगळं शोकेस रस्त्यावर. पण त्यांनी मलाच विचारलं. "मगे? राखणदाराक दारूच लागता. गावाक आमी दुसरा काय देतव? पण आमचो राखणदार गावच्या शिवेपर्यंत. दर्यात तेचा काय चालता? हो थयसरचो, दर्यापलीकडचो, म्हणान मी तेका सांगतय."

गावाची वेस राखणारा देव दारू पितो, हे पार्ल्याच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. मी तुकडे गोळा करत म्हटलं, "मग पेला समजून मी जोडते. जोडल्यावर तुम्ही देव समजा."

त्यांनी एक तुकडा उचलून पाहिला. "पाणी भरून बघूया. गळलो नाय तर रवांदे. गळलो तर खाडयेत."

मी तुकडे धुऊन वाळवले, दोन नळ्यांतला गोंद कालवून एकेक जोडला, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून सगळा पेला तांदळाच्या डब्यात रोवून ठेवला. पाणी भरलं तर हनुवटीखालून थेंब. सासूबाईंनी पिशवी काढून ठेवली, खाडीवर न्यायला. मी ती पिशवी उचलून परत खुंटीला लावली. पेला उकळत्या पाण्यात घालून पुन्हा सुटा केला, जुना गोंद पिनेने खरवडला, कानाजवळ कपची गेली होती तिथे गोंदात खडूची पूड कालवून भरली. बोटांची सालं निघाली. त्या दिवसांत सासूबाई नुसत्या पेजेवर होत्या, त्याचाही राग मी त्या गोंदावरच काढला.

दुसऱ्यांदा पाणी भरून पेला वर्तमानपत्रावर ठेवला. सासूबाई समोरच बसल्या. दुपार टळल्यावर त्यांनी पेला उचलला, खालच्या कागदावरून हात फिरवला, मग पेल्याच्या बुडावरून. कोरडं होतं. पाणी तुळशीत ओतून त्यांनी तो स्वतःच्या हाताने फळीवर ठेवला आणि हात जोडले.

"देवा म्हाराजा, माझो झिल दर्यात आसा. तेका सुखान घराक येवंदे, म्हाराजा!"

आणि थांबल्या. या वेळी पुढचं त्यांनी स्वतः म्हटलं नाही. पेल्याकडे तोंड करून तशाच उभ्या राहिल्या.

"व्हय म्हाराजा!" मी एवढ्या जोरात म्हटलं, की भिंतीपलीकडून शेजारणीने काय झालं म्हणून विचारलं. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भात वाढ गो."