गायकवाड साहेबांचं ‘बरं’

गायकवाड साहेबांना कुणाचं कौतुक करायचं असलं की ते एवढंच म्हणायचे, “बरं.” पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ कोथरूडला आमच्याच सोसायटीत राहायचे आणि रोज सकाळी गच्चीवर एक लांब, बारीक रॉड हलवत उभे असायचे. पिसांची खोटी माशी दोरीने दूर पाण्यावर अलगद टाकायची आणि मासा फसवायचा, असं ते फ्लाय फिशिंग. नोकरीत धरणांवर राहून शिकलेले. गच्चीवर पाण्याच्या जागी स्टीलचं ताट आणि गळाच्या जागी लोकरीचा तुकडा असायचा.

पन्नाशीत मलाही ती हौस आली. साहेबांना न विचारताच मी चांगला महागडा, ताठ रॉड मागवला. तो हातात तोलून ते म्हणाले, “अहो जोशी, मासे पकडायचेत की जळमटं काढायचीत?” नवशिक्याने वाकणारा रॉड घ्यावा, म्हणजे मागे गेलेल्या दोरीची ओढ हाताला कळते, असं त्यांचं म्हणणं. “दोरी मागे सरळ होऊ द्या. मग पुढे. घाई कसली आहे?” मला थांबणं जमत नसे. माझी लोकर ताटाऐवजी वाळत घातलेल्या साडीत जाऊन अडकायची.

एकदा अशीच अडकलेली साडी सोडवायला माझी बायको मेधा वर आली. “ताई, बघता का करून?” म्हणत साहेबांनी आपला जुना रॉड तिच्या हातात दिला. थोड्याच वेळात लोकर अलगद ताटात पडली.

“बरं,” साहेब म्हणाले.

माझा नुसता जळफळाट झाला. इतके दिवस घाम मी गाळत होतो आणि ‘बरं’ मिळालं ते साडी न्यायला आलेल्या बाईला. घरी तिने दिलेला चहा मी मुद्दाम गार होऊ दिला.

पुढे लोणी काळभोरच्या एका शेततळ्यावर तिने चिलापी पकडली आणि हळूच पाण्यात सोडूनही दिली. परतताना ती आणि साहेब मागच्या सीटवर मनगट कसं वळवावं यावर बोलत होते. मी गाडी चालवत होतो. तेवढंच माझ्याकडे उरलं होतं.

मग साहेब मुलीकडे नागपूरला कायमचे जायला निघाले. त्या सकाळी जुना रॉड घेऊन ते आमच्या दारात आले. मी हात पुढे केला.

“हा ताईंना,” ते म्हणाले. “आणि तुमचा तो ताठ रॉड द्या इकडे. मुलीकडे जळमटं असतीलच.”

“मग मी काय करू?”

“एक रॉड दोघांत. एकाने टाकायचं, दुसऱ्याने बघायचं.”

गेल्या रविवारी तळ्यावर मेधा टाकत होती आणि मी मागे चरफडत उभा होतो. संध्याकाळी साहेबांचा फोन आला.

“आज पाळी कुणाची होती?”

“तिचीच.”

“मग तुम्ही काय पाहिलंत?”

मी रागातच सांगितलं, “दोरी मागे सरळ होईपर्यंत ती श्वाससुद्धा घेत नाही. मी तसा कधी थांबलोच नाही.”



“बरं,” ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून मेधा विचारत होती, काय म्हणाले साहेब. मी तिला सांगितलं नाही.