मी सोडून सगळ्यांनी पाहिलेली रील

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. वाचून हसायचे, हे आधीच कबूल करते. सोळा वर्षं नर्सिंगमध्ये काढली आहेत मी. गेलेल्या माणसांच्या नाकात कापूस घातलाय, पायाचे अंगठे बांधलेत, आणि हात धुऊन शेजारच्याच खोलीत डबा खाल्लाय. कुणी उठून बसलं नाही, कुणी हाक मारली नाही. "भूत असतं का?" असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं... असतं तर आधी आमच्या वॉर्डात ड्युटीला लावलं असतं, स्टाफची इतकी बोंब आहे.

आता हसत नाही. का, ते सांगते.

मुलुंड वेस्टला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर चाळीस बेडचं एक हॉस्पिटल आहे. नाव सांगणार नाही. नाव न सांगायची अक्कल मला उशिरा आली, ती कशी आली तेच सांगायला बसलेय. बायकांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. नऊ बेड, हिरव्या चादरी, सात नंबर खिडकीला.

गेल्या वर्षी बेड सातवर एक आजी आल्या. सुलभाताई म्हणूया. एकाहत्तर वर्षांच्या, शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेल्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला घालायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "वर्गाला न कळता वेळ बघता येते." जीभ तिखट. मी "इंजेक्शन देऊन टाकते" म्हटलं की म्हणायच्या, "देऊन टाकू नकोस, नुसतं दे."

त्यांच्या मुलाने पहिल्याच दिवशी मला पॅसेजमध्ये गाठलं. "सिस्टर, आईला अल्सर सांगितलाय. प्लीज, तुम्ही सगळ्यांनी तेच सांभाळा."

अल्सर नव्हता. पॅन्क्रियाजचा कॅन्सर होता, लिव्हरपर्यंत पोचलेला. जे हॉस्पिटलात काम करत नाहीत त्यांना विचित्र वाटेल, पण आमच्याकडे हे रोजचं आहे. मुलाला माहीत, सुनेला माहीत, डॉक्टरांना माहीत, लादी पुसणाऱ्या मावशींनाही माहीत. फक्त जिचं पोट आहे तिला नाही. पेशंटसमोर डॉक्टर 'मायटोटिक' म्हणतात, कॅन्सर हा शब्द उच्चारत नाहीत. फाइली दोन असतात. खरी काउंटरच्या आत, आणि एक साध्यासुध्या रिपोर्टांची, पेशंटच्या उशाशी. ड्युटी बदलताना आम्ही एकमेकींना प्रत्येक पेशंटची माहिती देतो, त्याला ओव्हर देणं म्हणतात. ओव्हर देत देत बेड सातपाशी आलो की आमचा आवाज आपोआप बारीक व्हायचा. आणि त्यांच्याशी बोलताना गोड.

पाचव्या दिवशी त्यांनी मला विचारलंच. "तुम्ही सगळ्या माझ्याशी एवढं गोड का बोलता गं? मी काही एवढी गोड बाई नाही."

"काही नाही हो आजी, साधं आहे. अल्सर तर आहे. बरं वाटेल." हे मी अगदी सराईतपणे म्हटलं.

आता माझं सांगते. इन्स्टावर माझं अकाउंट होतं, नर्सच्या रोजच्या आयुष्यावरच्या रील्सचं. नऊ हजार फॉलोअर्स. दिवसभर लोकांचं हगणं-मुतणं आम्ही काढायचं आणि डिस्चार्जच्या दिवशी पेढे डॉक्टरांच्या केबिनमध्ये. रीलखाली कुणी 'सॅल्यूट सिस्टर' लिहिलं की बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

एका दुपारी मी सुलभाताईंचे केस विंचरत होते. "व्हिडिओ काढू का आजी?" विचारलं. "काढ. पण आधी दात लावू दे," म्हणाल्या. फोन ड्रेसिंगच्या ट्रॉलीला टेकवला. वॉर्डात फोन आणायला बंदी होती, पण इन्चार्ज सिस्टर जेवायला गेल्या होत्या. वीस सेकंद. माझे हात त्यांच्या केसांत, त्यांचे दोन्ही हात शालीखाली, तोंडभर हसू, आणि मागे भिंतीवर सातचा आकडा. चेंजिंग रूममध्ये बसून मी त्याला एक रडकं गाणं लावलं आणि वर लिहिलं... 'पॅन्क्रियाज कॅन्सर. स्टेज फोर. तरी हे हसू बघा. रिस्पेक्ट.'

चेहरा झाकावा असं मनातही आलं नाही. त्यांना विचारलं होतं ना मी. आणि म्हाताऱ्या बाई कुठे इन्स्टा बघायला बसल्यात, असं वाटलं.

त्या इन्स्टा बघत नव्हत्या. पण त्यांनी छत्तीस वर्षं मुलं शिकवली होती आणि त्या मुलांकडे व्हॉट्सॲप होतं. दुसऱ्या दिवशी मी दोनच्या गोळ्या वाटत होते तेव्हा बेड सातवरून मी लावलेलं गाणं ऐकू आलं. संपलं. परत लागलं. परत. कुण्या माजी विद्यार्थिनीने त्यांना पाठवलं होतं, 'बाई, तुम्ही फायटर आहात' असं लिहून.

"शीतल," त्यांनी हाक मारली, "स्टेज फोर म्हणजे शेवटची ना गं?"

माझ्या हातात गोळ्यांचा कागदी कप होता. "काही नाही हो आजी. ते व्हिडिओला असं काहीतरी लिहावं लागतं. साधं आहे."

गृहपाठाची वही घरी राहिली असं शपथेवर सांगणाऱ्या पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग फोनवर आकडा वाचला. "बारा हजार लोकांना माझ्याआधी कळलं," म्हणाल्या. "एकालाही विचारावंसं वाटलं नाही गं, बाईंना माहीत आहे का म्हणून."

संध्याकाळी मुलगा घरून पेज घेऊन आला. त्या भिंतीकडे वळून झोपल्या. त्यानंतर नऊ दिवस त्या होत्या आणि नऊ दिवसांत त्या मुलाशी एक अक्षर बोलल्या नाहीत. तो स्टुलावर बसून "आई, आई" करायचा, मग पॅसेजमध्ये जाऊन रडायचा. पाणी हवं असेल तर त्या आम्हाला मागायच्या, त्याच्या हातून घ्यायच्या नाहीत. तशाच गेल्या.

मला शाप वगैरे काही दिला नाही. दिला असता तर पुढचं सोपं झालं असतं. उलट प्रत्येक इंजेक्शनला थँक्यू म्हणायच्या. जायच्या दोन दिवस आधी केस विंचरायला सांगितले आणि म्हणाल्या, "आज गोड बोलू नकोस." गोड सोडून त्यांच्याशी काय बोलायचं ते मला सुचेना. मी वेणी घातली.

मुलाने तक्रार केली. मी लेखी दिलं, 'पेशंटने स्वतः परवानगी दिली होती.' खरंच होतं ते. मला एक मेमो मिळाला आणि वॉर्डातून ओपीडीत बदली, एवढंच. रील मी कधीच डिलीट केली होती, नंतर अकाउंटही बंद केलं. मुलगा शेवटचा गेटवर भेटला. मी तोंड चुकवून निघाले होते, तर मागून म्हणाला, "रविवारी सांगणार होतो मी तिला. शब्द जुळवत होतो." भांडला असता तर मीही भांडले असते.

हे झालं माझं पाप. अनुभव यानंतरचा आहे.

दोन-अडीच महिने गेले असतील. आम्ही घाटकोपरला राहतो, तिथल्या बाजारात माझी एक ठरलेली कोळीण आहे. दहा वर्षं मी तिच्याकडून मासे घेतेय आणि दहा वर्षं ती माझ्याशी भांडतेय. त्या सकाळी मी भाव पाडायला तोंड उघडलं तर म्हणाली, "ने गं बाय, तुला परवडंल तसं दे." वर दोन बांगडे जास्तीचे घातले. "तुझा व्हिडिओ पाह्यला. पोरीने दाखवला. धीर सोडू नको हां." मला वाटलं जुनी रील कुणीतरी फिरवतंय. मान खाली घालून निघाले.

मग घरात. माझी सासू मालवणची. सासरे गिरणीत होते तेव्हापासून हिने चाळीत सगळ्यांना जिभेवर नाचवलंय, माझी काय कथा. ती एके दिवशी माझ्या हातातलं पीठ काढून घेत म्हणाली, "तू बस गो. भाकरी मी करतंय." आत जाऊन महेशशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, काहीतरी कुजबुजली. मी पाणी प्यायला आत गेले आणि दोघं गप्प झाले. त्या गप्प होण्याची मला चांगली ओळख आहे. सोळा वर्षं मी तेच करतेय.

ओपीडीतही तेच. मी आले की बायका विषय बदलायच्या. शेवटी मी रेखाला धरलं. रेखा माझ्यासोबत ओपीडीत असते, पण ती सुलभाताई गेल्यानंतर जॉइन झाली. तिने त्यांना कधी पाहिलेलं नाही.

"कुठला व्हिडिओ बघितलात गं तुम्ही सगळ्यांनी?"

"तुझाच यार... बेडवर बसलीयस तू. हिरवी चादर. कोणीतरी तुझे केस विंचरतंय आणि तू हसतेयस. मागे सात नंबर."

"मी? नीट बघितलंस तू?"

"तूच. मला काय डोळे नाहीत?"

"विंचरतंय कोण?"

"चेहरा नाही ना दिसत. नुसते हात. म्हाताऱ्या बाईचे आहेत. घड्याळ असं उलटं घातलंय, आतल्या बाजूला."

माझ्या रीलमध्ये सुलभाताईंचे हात शालीखाली होते. घड्याळ त्यात दिसतच नव्हतं.

"आणि वर लिहिलंय काय?"

रेखाने माझ्याकडे बघितलं. तोवर बिनधास्त बोलत होती, एकदम तिचा आवाज मऊ झाला. "तुला माहीत नाही? ...काही नाही गं. असंच काहीतरी. साधं आहे."

मी तिचा फोन हिसकावून घेतला. व्हिडिओ नाही. तिने स्वतः शोधला, तिलाही सापडेना. आजपर्यंत सात जणांनी तो पाहिल्याचं मला सांगितलंय आणि सातांपैकी एकाच्याही फोनवर तो नाही. ज्याला वरचं वाक्य विचारते तो असाच मऊ होतो. तुम्ही म्हणाल एआयने बनवला असेल, कुणी सूड घेतला असेल. सायबरवाल्यांकडेही जाऊन आले. त्यांना लिंक हवी. लिंक कुठून आणू? आणि घड्याळाचं माहीत असलेल्या कुणी बनवला असला, तरी सातही फोनमधून तो गेला कसा?

मग तपासण्या केल्या. रक्त, सोनोग्राफी, सीटी, सगळं. आमच्याच हॉस्पिटलात. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मी स्वतः वाचले. डॉक्टरांनी फाइल माझ्या हातात दिली, दोन हातांनी. हा माणूस सिस्टर लोकांवर फायली फेकतो. "काही नाही सिस्टर, साधं आहे," म्हणाले. घरी येऊन मी ती फाइल उशाशी ठेवली आणि मग माझ्या लक्षात आलं की उशाशी कुठली फाइल ठेवतात. दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन काउंटरच्या आतले सगळे कप्पे उपसले. माझ्या नावाची दुसरी फाइल मिळाली नाही. पण पेशंटला ती कधीच मिळत नाही, याची काळजी तर मीच घ्यायचे.

दुसऱ्या लॅबमध्येही जाऊन आले. तेही नॉर्मल. पैसे घेताना काउंटरवरची मुलगी म्हणाली, "टेक केअर हां ताई." रडवेली होती ती.

गेल्या रविवारी सासूने मला पुढ्यात बसवलं. "ये गो, केस इंचरतंय तुझे." लग्नाला चौदा वर्षं झाली, या बाईने माझ्या केसांना कधी हात लावला नव्हता. मी तशीच बसले. समोर महेश पेपर घेऊन बसला होता. बराच वेळ एकच पान.

"महेश, तू बघितलास ना तो व्हिडिओ?"

"कुठला गं?"

"खोटं बोलू नकोस. वर काय लिहिलंय त्यात?"

तो उठला, जवळ येऊन बसला, माझा हात हातात घेतला. आमच्यात असलं काही चालत नाही. एसी दुरुस्त करणारा माणूस आहे तो, त्याला स्क्रू ड्रायव्हर धरता येतो. "काही नाही गं," म्हणाला. "पोटात दुखतंय ना तुझं? अल्सर असेल साधा. बरं वाटेल." मागे केसांतला कंगवा थांबला होता.

पोटात दुखतंय असं मी कुणालाच म्हटलं नव्हतं. दुखतही नव्हतं. आता अधूनमधून दुखतं.

सुलभाताईंबद्दल मी घरात कधी बोलले नाही, त्यांचं अल्सरचं तर नाहीच. महेशला तो शब्द कुणी दिला, मला माहीत नाही. त्याला परत विचारलं तर म्हणतो, मी असं बोललोच नाही. मी भूत पाहिलं नाही, आवाज ऐकला नाही, स्वप्नही पडलं नाही. मी फक्त अशा घरात राहते जिथे सगळे माझ्याशी गोड बोलतात. याचा अर्थ मला लावता येत नाही, आणि जो लागतो तो लावायचा नाहीये.

म्हणून इथे लिहितेय. तुम्ही मला ओळखत नाही, तुम्हाला माझी दया यायचं कारण नाही. बेड सात, हिरवी चादर, अडतीस वर्षांची बाई, केस विंचरणाऱ्या हातावर आत वळवलेलं घड्याळ. तुमच्यापैकी कुणाला तो व्हिडिओ आला असेल तर वर काय लिहिलंय तेवढं जसंच्या तसं खाली लिहा.

काल हाच मजकूर मी दुसऱ्या एका ग्रुपवर टाकला होता. एकच उत्तर आलं. 'काळजी करू नका ताई, साधं आहे.'