टिचकीचे कान

चिनी मातीच्या कपाला गेलेला तडा प्रत्येक वेळी दिसतोच असं नाही. भट्टीतून निघालेला कप पांढराशुभ्र आणि गुळगुळीत असतो, पण त्याच्या अंगात केसापेक्षा बारीक चीर असू शकते. असा कप कुणाच्या घरी गेला की उकळत्या चहाला उभा फुटतो. त्याला कारखान्यातच पकडायचं असेल तर कप तीन बोटांवर तोलायचा, लाकडी काडीने काठावर हलकेच मारायचं आणि ऐकायचं. धड कप घंटेसारखा वाजतो आणि थोडा वेळ वाजत राहतो. तडकलेला कप थड् करून गप्प होतो.

हे काम करणाऱ्या बाईला कारखान्यात सगळे टिचकी म्हणत. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. लग्नाआधी ती कपांना कान चिकटवायच्या विभागात लागली. मग बरीच वर्षं झिलईच्या हौदावर काढली. तिथे हात दिवसभर ओले असत आणि थंडीत बोटं आपली वाटत नसत. तिथून ती तपासणीच्या टेबलावर आली. या टेबलाला खिडकी होती आणि खुर्चीला पाठ होती. मातीची धूळ इथपर्यंत पोचत नव्हती. कारखान्यातल्या बायकांच्या हिशेबात याच्या वर काही नव्हतं.

टेबलाच्या पलीकडे तिची जोडीदारीण बसे. तीही कप वाजवी, पण तिला त्यासाठी गप्प बसावं लागे. टिचकीला लागत नसे. नणंदेची गाऱ्हाणी सांगता सांगता ती बाद कप डावीकडे आणि चांगला उजवीकडे ठेवत जाई, गोष्टीतला धागा न सोडता.

त्या थंडीत सगळ्या घराला सर्दी झाली. सगळ्यांची गेली. टिचकीची नाकातून निघाली आणि कानांत जाऊन बसली. दोन्ही कान कापूस कोंबल्यासारखे झाले. बाहेरचे आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखे येत. स्वतःचा आवाज मात्र डोक्यातच घुमे, रिकाम्या टाकीत तोंड घालून बोलावं तसा. म्हणून ती हळू बोलू लागली.

“रागावली आहेस का?” नवऱ्याने विचारलं. तो छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर आहे.

“नाही.”

“मग चोरासारखी कुजबुजतेस काय?”

“मोठ्याने बोलले की माझंच डोकं वाजतं, अहो.”

घरात उपायांना तोटा नव्हता. सासूबाईंनी तव्यावर मीठ तापवून फडक्यात बांधलं आणि ती पुरचुंडी कानामागे धरली. शेक बरा वाटला, कान तसाच राहिला. मग त्यांनी कोमट तेल घातलं.

“आई, तेलाने आणखीच बुजला.”

“बुजणारच. आधी भरतं, मग निघतं.”

भरलं ते निघालं नाही. नणंदेचा फोन आला. “वहिनी, च्युइंगगम चघळत राहायचं. विमानात सगळे तेच करतात.”

“तुम्ही कधी बसलात विमानात?”

“मी नाही बसले. बसणाऱ्यांना विचारलंय.”

दिराने नाक चिमटीत धरून, तोंड मिटून आतून जोर लावायला शिकवलं. टिचकीने इतका जोर लावला की घेरी येऊन ती मोरीच्या कठड्यावर बसली. दीर म्हणाला, “एवढा नको गं, फुगा फुगवायचा नाहीये.” ते त्याने आधी सांगितलं नव्हतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून आत पाहिलं. मळ नव्हता. पडद्याच्या मागे हवा खेळती ठेवणारी एक बारीक नळी असते, ती नाकाच्या मागच्या बाजूला उघडते, असं त्यांनी सांगितलं. गिळताना आणि जांभई देताना ती क्षणभर उघडते. टिचकीच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या सर्दीने सुजून मिटल्या होत्या.

“तेल घालतेय मी रात्रीचं.”

“तेल पडद्याच्या अलीकडे राहतं, बिघाड पलीकडे आहे. बाटली स्वयंपाकघरात ठेवायला सांगा.” नाकात मारायचा फवारा, वाफ, गम चघळणं, सारखं पाणी गिळणं, आणि जोर लावायचाच तर अगदी हलका.

“किती दिवसांत उघडेल?”

“काहींचं आठवड्यात सुटतं. काहींना महिने लागतात.”

“आणि बाकीच्यांचं?”

डॉक्टर औषध लिहू लागले.

वाफेचा गुण मात्र येई. डोक्यावरून पंचा घेऊन ती पातेल्यावर वाकायची, मध्येच एक घोट गिळायची, आणि एखाद्या सकाळी आत फट् व्हायचं. मग ठिबकणारा नळ, शेजारच्या खोलीतलं घड्याळ, नवऱ्याच्या चपलेची करकर, सगळं एकदम अंगावर यायचं. ती घाईने आवरून निघायची. कारखान्याच्या फाटकापर्यंत कान पुन्हा मिटलेले असायचे.

टेबलावर तिने कुणाला काही सांगितलं नाही. धड कप आणि तडकलेला कप आता एकाच आवाजात बोलत होते. शंका आली की ती कप सरळ जोडीदारणीपुढे सरकवायची, आणि शंका तर प्रत्येक कपाची येत होती.

“हा काय ढीग लावलायस माझ्याकडे?” जोडीदारीण म्हणाली. “कानाचं दुखणं आहे ना? सांग की. कान तुटलेला कप आपण फेकतो, तुला कुठे फेकायचं?”

“हसू नकोस. साहेबांना कळू देऊ नकोस.”

एके दिवशी दोन्ही हात गुंतले होते म्हणून टिचकीने जास्तीची काडी दातांत धरली. दुसऱ्या काडीने कप वाजवताना दातांतल्या काडीचं टोक कपाला टेकलं, आणि घंटा थेट जबड्यातून डोक्यात शिरली, पूर्वीपेक्षाही स्वच्छ. तिने एक बाद कप उचलून तसाच वाजवला. डोक्यात थड् झालं. मिटलेल्या कानांना वळसा घालून आवाज हाडांमधून आत आला होता. त्या दिवशी तिने जोडीदारणीकडे एकही कप सरकवला नाही.

“उंदरासारखी काय कुरतडतेस?”

“ऐकतेय.”

“दातांनी?”

“दातांनी.”

जोडीदारीण इतकी हसली की बाजूच्या टेबलावरच्या बायका उठून बघायला आल्या. पण काम झकास चाललं होतं. टिचकी पुन्हा नणंदेच्या गोष्टी सांगू लागली, काडी तोंडात असल्यामुळे थोड्या बोबड्या.

खिडकीबाहेरच्या वाटेने माल घेणारी मंडळी कारखाना बघायला येत. त्यांच्यातल्या एका बाईने आत पाहून देखरेखीच्या साहेबांना काहीतरी विचारलं. ती मंडळी गेल्यावर साहेब टेबलापाशी आले. माणूस वाईट नव्हता. हौदावरून टिचकीला इथे आणलं होतं ते त्यांनीच.

“तोंडातली काडी कपाला लागता कामा नये, बाई.”

“काठाला लावत नाही, साहेब. खाली बुडाला लावते.”

“बुडालाही नाही.”

“नंतर धुतले जातातच ना सगळे?”

“धुतात ते त्यांना दिसत नाही. तुम्ही दिसता.” मग त्यांनी आवाज खाली आणला. तो तिला मुळीच ऐकू आला नाही, म्हणून तेच पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. सगळ्या खोलीने ऐकलं. “कानाचं काही झालंय का तुमच्या?”

तिने सांगितलं. साहेब म्हणाले, “उद्या दुपारी एक ताट लावतो. थोडे चांगले, थोडे तडकलेले. तोंडात काही न घेता वेगळे करून दाखवा. जमलं तर हे टेबल तुमचंच. नाही जमलं तर मला तुम्हाला बांधणीला पाठवावं लागेल.”

बांधणीची शेड फाटकाजवळ होती. दार सतत उघडं, उभ्याने काम, दिवसभर कप कागदात आणि पेंढ्यात बांधायचे.

दुसऱ्या दिवशी जोडीदारीण घरून उकळत्या पाण्याचा थर्मास घेऊन आली. जेवणाच्या सुट्टीत दोघी हातपाय धुवायच्या खोलीत शिरल्या. बादलीत गरम पाणी, डोक्यावर पंचा. टिचकी वाफ घेई, घोट गिळे, नाक धरून हलका जोर लावी, मुद्दाम जांभया देई. तिच्या जांभया बघून जोडीदारणीलाही जांभया येऊ लागल्या. सुट्टी संपत आली तेव्हा आधी डावीकडे फट् झालं, मग उजवीकडे.

“उघडला!” जोडीदारीण ओरडली.

“हळू. आता ऐकू येतंय मला.”

टेबलावर येऊन तिने हाताशी असलेले कप वाजवून पाहिले. घंटा, घंटा, थड्, घंटा. सगळं जागेवर होतं. मांडलेलं ताट समोरच होतं, दोन्ही बाजूंना दोन रिकामी ताटं होती, पण साहेब नव्हते. माल घेणाऱ्यांचा फोन आला होता. टिचकी गम चघळत, न बोलता, ताठ बसून राहिली. कुणी काही विचारलं तर मानेनेच उत्तर देत होती. डावा कान मिटला तसा तिने पाण्याचा घोट घेतला. मग आणखी एक. साहेब दारातून आले तेव्हा त्यांच्या बुटांचा आवाज आला नाही.

“माफ करा, उशीर झाला. करा सुरू.”

तिने पहिला कप वाजवला. लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज. दुसरा कपही तसाच. दोन्ही तिने समोरच ठेवले. समोर बसलेल्या जोडीदारणीला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. तिसऱ्या कपाला तिने डाव्या ताटाकडे बघत भुवई उचलली. साहेबांचं लक्ष कपावर होतं. टिचकीला भुवई दिसली. तिने मान खाली घातली आणि तिसरा कप डावीकडे ठेवला. मग पहिला उचलून डावीकडे ठेवला, दुसराही. त्यानंतरचा प्रत्येक कप तिने नीट तोलून वाजवला, कान देऊन ऐकला आणि डावीकडेच ठेवला. उजवं ताट रिकामंच राहिलं.

“सगळेच बाद?” साहेबांनी विचारलं.

“खात्री नाही तो कप पुढे जात नाही, साहेब. मला एकाचीही नाही.”

“बरेचसे चांगले आहेत यातले.”

“असतील.”

तिने काडी टेबलावर ठेवली आणि पदराने हात पुसले. साहेबांनी त्याच संध्याकाळी बदली केली आणि बांधणीच्या मुकादमाला सांगितलं की बाईंशी समोर जाऊन बोलायचं.

“एवढ्या भुवया उडवल्या, कपाळ दुखलं माझं,” फाटकातून बाहेर पडताना जोडीदारीण तिच्या समोर येऊन म्हणाली. “बघायला काय झालं होतं तुला?”

“बघितलं होतं.”

“मग?”

“तुझ्या भुवयांवर किती दिवस काढणार मी?”

जोडीदारणीने यावर काय म्हटलं ते टिचकीला ऐकू आलं नाही, आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

थंडी सरून उन्हाळाही संपत आला आहे. डॉक्टर आता म्हणतात की पडद्याला छेद देऊन एक बारीकशी नळी बसवता येईल. फरक पडतो बऱ्याच जणांना, सगळ्यांना नाही. तिने अजून हो म्हटलेलं नाही. खिडकीच्या खुर्चीवर झिलईच्या हौदावरची दुसरी बाई आली आहे आणि ती चांगलं काम करते, असं टिचकी स्वतःच सांगते. शेडमध्ये एक कप, एक कागद, एक मूठ पेंढा, असं चालतं. तिथे कुणी काही ऐकायचं नसतं. नवरा पूर्वी रोज संध्याकाळी विचारायचा, “उघडला का?” हल्ली विचारत नाही. ताट वाढून घेतो आणि तिच्या उजव्या बाजूला येऊन बसतो. तिकडून थोडं जास्त ऐकू येतं.