राजाची मिशी

बाबांचा आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, पण त्यांना स्वतःची मिशी रंगवता येत नसे. हात कापायचा. ते दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसत आणि मी काजळाने रेघ ओढत असे.

"तुह्या हाताले कॉन्व्हेंटचं वळण हाये बेटा," म्हणायचे.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरे, म्हणजे जत्राच, आणि तिथे भरदुपारी दंडार हे नाटक रंगे. दंडारीत बाबा राजा व्हायचे. नाकाडोंगरीपासून करडीपर्यंत लोक त्यांना 'राजे'च म्हणत. नागपूरला शाळेत मात्र कुणी वडिलांचं विचारलं, की मी 'शेती' सांगून विषय बदलायचे. गावकरी त्यांना पानसुपारीबरोबर मोहाच्या दारूची बाटली द्यायचे, मानाची म्हणून. "राजा मांगत नाही, लोकच देतात," असं बाबा हसून सांगत. सुट्टीभर माझं लक्ष बाबांच्या हातांकडे असायचं.

दहावीत असताना सिहोऱ्याच्या मंडईत मी काजळाची डबी मिटून बसले. "आज घेतली तर मिशी नाही."

ते आरशात बघत राहिले. "बरं. राणीसाहेबांचा हुकूम."

बाटली मी माझ्या पिशवीत लपवली. पहिला प्रवेश कसाबसा पार पडला. दुसऱ्यात तलवार हातात लटपटू लागली आणि पुढचं वाक्यच सुचेना. शिट्ट्या सुरू झाल्या.

"काहून राजे, राज्य इसरले का?"

बाबा पडद्यामागे आले. घामाने मिशी ओघळली होती. त्यांनी काही मागितलं नाही, नुसते माझ्याकडे बघत उभे राहिले. बाहेर ढोलकीवाला वेळ काढत होता.

मी पिशवी उघडली. पेला मीच भरला. मग मिशी पुन्हा रंगवली.

त्यानंतर मंडप दणाणला. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी पडद्याच्या फटीतून फक्त तलवारीकडे बघत होते. ती जरासुद्धा हलत नव्हती. त्याची मला अजून भीती वाटते.

दोन वर्षांनी बाबा गेले. अंगणात सिहोऱ्याचीही माणसं आली होती. एक म्हातारा बाबांच्या चेहऱ्यावर वाकून मला म्हणाला, "मिशीबिगर राजे वळखूच नाही येऊन राहिले. काढून दे ना, माय."

कुणीतरी रंगाची पेटी आणून माझ्यापुढे ठेवली. सगळे थांबले. मी डबी उघडली, बोट काजळात बुडवलं, आणि ओढणीला पुसून टाकलं.

"हे माझे बाबा आहेत," मी म्हणाले.

किती जणांना ऐकू गेलं कोण जाणे. माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा जात नाही.