जेवणाआधीची फजिती

रेव्हरंड शांतवन आढाव यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथासाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी त्यांच्या मंडळीतला नाही. आमचं घर गुरुवारी शेगावला जाणारं. शिवाय अशा ग्रंथांत पहिली भेट म्हणजे मोठा भाग्याचा क्षण असतो, आणि मी तर पहिल्या भेटीत पाद्रीसाहेबांना ओट्यावरून हाकलून दिलं होतं. संपादक म्हणाले, मग तेच लिहा. तर लिहितो.

निवृत्त झालेला माणूस आपल्या गावी परततो. पाद्रीसाहेब नगरकडचे, पण त्यांचं सगळं उलटंच. निवृत्तीनंतर ते पत्नी सुलोचनाबाई आणि नर्स असलेली कन्या कृपाताई यांना घेऊन पिंपळगाव राजाच्या अलीकडे, आमच्या गावाला लागून असलेल्या मिशनच्या जुन्या आवारात राहायला आले. दवाखाना बंद पडत आलेला, मुलींच्या वसतिगृहाचं छप्पर गळकं. ते आले त्याच साली आमच्याकडे कपाशीवर गुलाबी बोंडअळी परत आली. बीटी बियाण्याच्या कपाशीवर बोंडअळी येतच नाही, असं आम्ही लोकांना वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगितलं होतं. आम्ही म्हणजे कृषी केंद्रात काम करणारे. त्यात मी होतो.

एका दुपारी आमच्या ओट्यावर पाच-सात माणसं बसली होती. पाद्रीसाहेब रस्त्याने चालले होते, ते थांबले आणि ओळख व्हावी म्हणून आदल्या रविवारची गोष्ट सांगू लागले. चर्चमध्ये उपकारस्तुतीचा सण होता. त्या दिवशी लोक हंगामाचं पहिलं पीक आणून वेदीपुढे ठेवतात. साहेबांनी आवारातल्या आपल्या कपाशीची बोंडं मोठ्या हौसेने बायबलच्या शेजारी मांडली होती. उपदेश रंगात आला आणि बोंडांतून अळ्या बाहेर पडून उघड्या पानावरून चालायला लागल्या. "मी म्हटलं, चला, सभासद तरी वाढले!" असं म्हणून साहेब स्वतःच खो खो हसले.

ओट्यावर कोणी हसलं नाही. त्याच अळीवर फवारणी करताना माझे थोरले बंधू गजूभाऊ यांना विषबाधा झाली होती. चार दिवस दवाखान्यात काढून ते गेले. दहावा कालच झाला होता. माझ्या मुंडण केलेल्या डोक्यावर दुपट्टा होता, म्हणून साहेबांना काही कळलं नाही. आणि ओट्यावरच्या माणसांनाही जे माहीत नव्हतं ते असं, की दोन औषधं एकत्र करून मारा, हे भावाला मीच सांगितलं होतं. फक्त वयनीला, म्हणजे माझ्या भावजयीला, ठाऊक होतं. ती त्याबद्दल एका शब्दानं बोलली नव्हती.

"उठा इथून!" मी ओरडलो. "हसू येऊन राह्यलं तुमाले? त्याच अळीपायी माहा भाऊ गेला!"

साहेबांचा चेहरा खाड्कन उतरला. हात जोडून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले, पण ओट्यावर चढले नाहीत. खाली उन्हात उभे राहून म्हणाले, "मी काही न विचारता हसलो. माझी चूक झाली." मी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. आता हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

भावाच्या शेतात कपाशी फुटून पांढरी झाली होती. वेचायला कोणी जाईना. माझा तर त्या बांधावर पायच पडत नव्हता. शेवटी वयनी एकटीच निघाली, तर बांधावर पाद्रीसाहेब, बाई आणि कृपाताई उभे! बाईंनी जन्मात कापूस वेचलेला नव्हता. सुकलेल्या बोंडांची टोकं लागून त्यांची बोटं रक्ताळली, पण पाच दिवस तिघंही येत राहिले. संध्याकाळी वयनी मला सांगायची, "गुपचूप वेचतेत हो भाऊजी. एक शबुद बोलत नाही कोणी." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

दिवाळी गेली. मी कृषी केंद्र सोडलं आणि एके दिवशी सुरतला निघून जायचं ठरवलं. वयनीला सांगितलं नाही, तिच्या लेकीला, सीमालाही नाही. माझ्या खोलीची किल्ली तेवढी कोणाच्या हाती द्यायची होती. गावात दिली असती तर शंभर जणांनी शंभर गोष्टी विचारल्या असत्या. म्हणून सुरतच्या रेल्वेसाठी शेगावची तीनची बस धरण्याआधी मी मिशनच्या आवारात गेलो. मनात म्हटलं, या माणसाला आपण हाकललंय, हा काही विचारायचा नाही.

"दोन दिवस बाहेर चाललो, किल्ली राहू द्या," एवढंच मी म्हणालो, आणि साहेबांनी खरंच काही विचारलं नाही. बाईंनी माझ्या हातातल्या निळ्या रेक्झिनच्या पिशवीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी जेवून घ्या." मी पिशवी दाराशी ठेवून पाटावर बसलो. वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर होती. चौघंही मुकाट्याने ताटाकडे बघत होतो. मला ते सहन होईना.

"तुमच्या घरी लई शांत असते जेवताना," मी म्हणालो.

"आधी नसायचं," कृपाताई म्हणाल्या. बाईंनी डोळ्यांनी दटावलं, तरी त्यांनी सांगितलंच. या घराची रीत अशी होती, की दुपारच्या जेवणाआधी, प्रार्थनेच्याही आधी, प्रत्येकाने आपली एक फजिती सांगायची. फजिती स्वतःचीच हवी, दुसऱ्याची चालणार नाही, आणि बाकीच्यांनी हसलंच पाहिजे. बाई एका पायात एक आणि दुसऱ्या पायात भलतीच चप्पल घालून वसतिगृहाच्या मुलींना टापटिपीवर अर्धा तास बोलल्या होत्या. साहेब तर एकदा आजाऱ्याचं घर समजून सलीमभाई पिंजाऱ्यांच्या घरात शिरले. सलीमभाई जेवून आडवे झाले होते. साहेबांनी डोळे मिटून त्यांच्यासाठी मनापासून प्रार्थना केली. डोळे उघडले तर सलीमभाई टकामका बघत विचारतात, "पाद्रीसाब, मैं गुजर गया क्या?"

"मग आता काऊन सांगत नाही?" मी विचारलं.

साहेब खाली मान घालून म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या ओट्यावरून आलो आणि बंद केलं. मला माझ्या हसण्याची भीती वाटायला लागली."

या माणसांच्या घरातलं हसू मी बंद पाडलं होतं, आणि तरी तीच माणसं माझ्या भावाच्या शेतात राबली होती. आणि एकदम मला गजूभाऊ आठवले.

"आमचे गजूभाऊ," मी म्हणालो, "एकदा पहाटे बैलगाडी जुंपून शेगावले निघाले. वाटेत त्यायले लागली झोप. बैलायनं गाडी फिरवली अन् परत घरी आणली. हे झोपेतच उतरले, आपल्याच दाराबाहेर चपला काढल्या, अन् आमच्या मायलेच विचारतेत, 'बाई, दर्शनाची रांग कुठून हाय?'"

आधी कृपाताईंना हसू फुटलं. मग बाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. साहेब हसले, आणि मीही हसलो. हसता हसता मी रडायला लागलो ते थांबेचना. साहेब उठले, माझ्याजवळ येऊन बसले आणि पाठीवर हात ठेवून राहिले. माझं रडणं ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाले, "गोष्ट फार छान आहे. पण ही तुमची नाही, भावाची आहे. नियमात बसत नाही. तुमची स्वतःची उद्या येऊन सांगा."

तोवर तीनची बस निघून गेली होती.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. त्यानंतर जातच राहिलो, आणि हळूहळू त्यांच्या कामालाच लागलो. दर हंगामात आम्ही गावोगाव जाऊन फवारणी करताना काय काळजी घ्यावी ते दाखवतो. कोरडं भाषण ऐकायला कोण थांबतं? म्हणून साहेब स्वतः गॉगल, मास्क, हातमोजे आणि बाईंचा जुना रेनकोट घालून पाठीवर पंप बांधून चौकात उभे राहतात. "पाद्रीबुवा चंद्रावर चालले काय बे!" असं म्हणत पोरं जमतात, त्यांच्यामागे मोठी माणसं येतात. मग दोन औषधं का मिसळायची नाहीत, ते मी सांगतो. कोणाच्या जिवावर मी हे शिकलो, तेही सांगतो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा साहेब त्या रेनकोटात घामाघूम होऊन माझ्या शेजारी उभे होते. त्या दिवशी घरी येऊन मी वयनीची माफी मागितली. ती म्हणाली, "मले माहीत होतं तुमी एक दिवस बोलसान." आज सीमा नर्सिंग शिकते आहे, कृपाताईंच्या पावलावर पाऊल टाकून.

इतक्या वर्षांत मी त्या घरात ढीगभर फजित्या सांगितल्या. पहिली मात्र कधीच सांगितली नाही. साहेब, आज सगळ्यांसमोर सांगतो, आणि नियमाप्रमाणे सगळ्यांनी हसावं. त्या दिवशी मी दोन दिवसांसाठी किल्ली ठेवायला आलो नव्हतो, पळून चाललो होतो. वयनी आणि सीमा यांना उघड्यावर टाकून, कायमचा. आणि वांग्याच्या भाजीपायी माझी बस चुकली.

बाईंना ते तेव्हाच कळलं होतं. दाराशीच राहून गेलेली पिशवी मी दुसऱ्या दिवशी मागितली, तर माझे कपडे धुऊन दोरीवर वाळत घातलेले. बाई म्हणाल्या, "पिशवी मला बाजाराला लागते. राहू द्या." तेव्हापासून दर आठवड्याला त्या पिशवीतून कांदे-बटाटे येतात.

पाद्रीसाहेबांना आणि बाईंना निरोगी, हसतं आयुष्य लाभो. आम्ही शेगावला मागू, तुम्ही चर्चमध्ये मागा, सलीमभाई मशिदीत मागतीलच. आणि बाई, त्या निळ्या पिशवीचा बंद पुन्हा तुटला म्हणे. सलीमभाईंकडची गादी शिवायची सुई घेऊन उद्या जेवायला येतो आणि पक्का शिवून देतो. पिशवी तुमच्याकडेच राहू द्या.