तळहातात सांडलेलं औषध

"परत आलंय," डॉक्टर म्हणाले. सीटी स्कॅनच्या फिल्मवर त्यांनी पेनचं टोक टेकवलं. "याला रिकरन्स म्हणतात. अंडाशयाचा जो कॅन्सर आपण काढला होता, तो पोटात पुन्हा उगवलाय."

माझ्या मोठ्या बहिणीने, ताईने, एवढंच विचारलं, "परत केस जाणार का?"

पहिल्या खेपेला तिचे सगळे केस गेले होते. ताडकळसला तिचं सासर. आठवडी बाजारात बायका पदराखाली वाकून बघायच्या, म्हणून तिने बाजार सोडला होता. आता कुठे पुन्हा वेणी घालण्याइतके केस आले होते.

"बहुतेक नाही जाणार," डॉक्टर म्हणाले. "या वेळी लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन देऊ. नॅनोपार्टिकलमधून जाणारं औषध आहे."

मी गंगाखेडला कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मिळेल ते वाचलं. नॅनोपार्टिकल म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारा कण. या औषधात चरबीचे तेवढे बारीक फुगे असतात आणि औषध त्यांच्या आत भरलेलं असतं. निरोगी रक्तवाहिन्यांतून ते सहसा बाहेर पडत नाहीत. गाठीच्या रक्तवाहिन्या विरळ विणीच्या असतात, तिथे ते झिरपतात. म्हणून याला टार्गेटेड म्हणतात, नेमक्या जागी पोचणारं. तो शब्द मला फार आवडला होता. आता कुठे दिसला की मी पान उलटते.

नांदेडच्या दवाखान्यात पहिली सलाईन लावताना सिस्टरने ताईच्या दोन्ही हातांत बर्फाच्या पिशव्या दिल्या. तळहात आणि तळपायांना उष्णता लागली, घर्षण झालं, तर औषध तिथेही झिरपतं आणि कातडी जाळतं. त्याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात. डॉक्टरांनी बजावलं, "डोस झाला की पहिला आठवडा गरम पाणी नाही, चुलीजवळ जायचं नाही, काही घासायचं नाही. हात बिघडले तर पुढचा डोस थांबेल. आणि डोस थांबणं आपल्याला परवडणार नाही."

मी हे घरात प्रत्येकाला सांगितलं. ताईचे यजमान, दाजी, मान हलवत राहिले. तिच्या सासूबाई, आत्याबाई, हसल्या. "भाकरी थापल्यानं कुठं औषध सांडतंय व्हय?"

आपल्याकडे माणूस दवाखान्यातून घरी आला की भेटायला जायचं असतं. म्हणजे नेमक्या त्याच आठवड्यात. पहिल्या डोसनंतर मी रजा काढून तिथे होते, स्वयंपाक माझ्याकडे होता. दुसऱ्यानंतर रजा मिळाली नाही. त्या रविवारी मी एका दिवसासाठी गेले, तर बोरीहून जीप भरून पाहुणे आलेले. न जाणाऱ्या केसांची बातमी तिकडे पोचली होती.

बोरीच्या मामींनी ताईची वेणी हातात घेऊन हलकेच ओढून पाहिली. "अगं, जिथल्या तिथं हायत की! मंग क्यान्सर कसला?"

"नव्या औषधानं जात नाहीत, मामी," मी म्हणाले.

"तू पुस्तकं वाचून घाबरायलीस. ही बघ कशी टवटवीत हाय."

थोड्या वेळाने मी आत गेले तेव्हा ताई परातीपुढे बसली होती. ज्वारीच्या पिठात उकळतं पाणी ओतून ती मळत होती. मी येण्याआधीच तिने तवा ठेवला होता आणि चार भाकरी झालेल्याही होत्या. मी परात ओढली. ती हळूच म्हणाली, "ओरडू नको. लय दिवसांनी मला कुणी आजारी म्हणलं न्हाई."

आणि बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला, "जेवून जा सगळे, सून करायलीय."

मी गेल्यावर सोमवारी आणखी पाहुणे आले. मंगळवारीही.

तिसऱ्या डोसच्या दिवशी तिला पेला धरता येत नव्हता. तळहात लाल होऊन फोडांनी भरले होते, कातडी कागदासारखी सुटत होती. डॉक्टरांनी पाहिलं आणि सलाईन परत पाठवली. आम्ही हात बरे होण्याची वाट पाहत घरी बसलो. हात बरे होत गेले आणि कॅन्सर वाढून पोट पाण्याने भरत गेलं. पुढचा डोस उशिरा मिळाला, तोही कमी करून. त्यानंतरचा मिळालाच नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, वेळेवर दिला असता तर?

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "लागू पडत होतं, एवढं खरं."

एवढं खरं. हे दोन शब्द घेऊन मला उरलेलं आयुष्य काढायचं आहे.

मी आभारी आहे ती त्या सिस्टरची. ती ताईला केसांबद्दल एकदाही बोलली नाही. बर्फ विरघळला की न सांगता नवा आणून द्यायची. ज्यांच्या घरी हे औषध सुरू होईल त्यांनी दाराला आतून कडी लावावी. लोक नावं ठेवतील, ठेवू द्यावीत. आणि ज्यांना भेटायला जायचंच आहे, त्यांनी आपल्या घरून जेवून जावं.

ताई गेली त्या सकाळी तेच सगळे पुन्हा जमले. "केस बघा, शेवटपर्यंत कसे दाट," असं कुणीतरी म्हणालंच. अंघोळ घालायला बायकांनी चुलीवर पाणी तापवलं होतं. मी ती बादली उचलून अंगणात ओतून दिली आणि हौदातलं पाणी भरून आणलं.

"आता तिला काय कळतंय गं?" मामी म्हणाल्या.

ताईच्या तळहातांवर नवी कातडी आली होती, तान्ह्या लेकरासारखी गुलाबी. मी त्यांवर गार पाणी हळूहळू सोडलं. चोळलं नाही.